तळं बघून दिलेली लेक

माझं लग्न ठरवताना माझ्या बापानं नवरा बघितलाच नाही, तळं बघितलं. लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा कसली! उदगीरच्या पलीकडं, माळावर आमचं गाव. अप्पांचं दुकान होतं, गावात मान होता, पण पाणी म्हणाल तर गावाबाहेरच्या बारवेत, तेही उन्हाळ्यात पार तळाला गेलेलं. माझी आई, आमची अव्वा, दिवसभर डोक्यावर घागरी घेऊन त्या पायऱ्या चढायची-उतरायची. संध्याकाळी तिच्या टाचांच्या भेगांत अप्पा स्वतः कोमट तेल भरायचे. दुकानात रुबाबात बसणारा माणूस घरी बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसायचा, आणि कुणी बघितलं तर बघू दे म्हणायचा. तेव्हाच त्यांनी मनाशी धरलं होतं की आपल्या लेकीचे पाय असे होऊ द्यायचे नाहीत.

म्हणून मुखेडकडचं स्थळ आलं तेव्हा अप्पा गाडी जुंपून निघाले. माझे होणारे सासरे म्हणाले, "मुलाला बोलवू का?" अप्पा म्हणाले, "बोलवा की, सावकाश. तळं कुणीकडं हाय?" मग तळ्याच्या पाळीवर चढले आणि सूर्य मावळेपर्यंत तिथंच बसून राहिले. तिथूनच होकार दिला. नवरा मुलगा बिचारा मागं नवा पटका बांधून उभा होता म्हणे. जन्मभर ह्यांनी ते मला ऐकवलं. "तुझ्या बापानं मला पाठच करून पसंत केलं," म्हणायचे.

तळं होतं मात्र बघण्यासारखं. दोन टेकड्यांच्या मधला ओढा कुण्या काळी मातीची लांबलचक पाळ घालून अडवलेला. कुणी घातली, कुणाला ठाऊक नाही. राज्य निजामाचं, तहसील लांब, तिथला कारभार उर्दूत. तळं फुटलं तर तिथल्या कागदांत त्याला 'शिकस्त' म्हणत, एवढा एक शब्द आमच्या गावात सगळ्यांना पाठ होता, कारण शेजारच्या एका गावाचं तळं तसं शिकस्त होऊन पडलं होतं. तिकडून जाताना लोक मान खाली घालून जात. मधोमध तुटलेली पाळ, तळाशी बाभळी, आणि गावात निम्म्या घरांना कुलपं.

आमच्या गावाचं सगळं तळ्यावर. गुरं त्यावर, धुणं त्यावर. पाळीच्या खालच्या अंगाला थोडी भातखाचरं आणि भाजी-माळव्याचे वाफे. पण खरी गंमत म्हणजे विहिरी. पाळीखालच्या विहिरींना तळ्याचाच पाझर, त्यामुळं भर वैशाखात हात लांबवून पाणी घ्यावं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा घागर भरायची सोडून नुसती हातानं पाणी हलवत बसले, आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली.

तळ्याचा जिम्मा गावानं माझ्या सासऱ्यांवर टाकलेला. मामंजी जेवतानासुद्धा पाळीचंच बोलायचे. पाळीवर झाड उगवू द्यायचं नाही, कारण मुळं आत शिरतात आणि झाड वाळलं की मुळांच्या जागी भोकं राहतात. ओल्यात गुरं चढवायची नाहीत. हरळी उपटायची नाही, ती माती धरून ठेवते. बाजूला खडकातून सांडवा काढलेला होता, जादा झालेलं पाणी तिथून निघून जायचं, म्हणून त्या सांडव्यात कुणी दगडसुद्धा ठेवायचा नाही. खेकड्याचं, घुशीचं, उंदराचं बीळ दिसलं की त्याच दिवशी बुजवायचं. मृगाच्या आधी घरटी एक माणूस टोपलं घेऊन पाळीवर हजर. न येणाऱ्याच्या दारात मामंजी स्वतः जाऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. माणूस आपोआप टोपलं उचलायचा.

एवढी सगळी शिस्त, आणि पाळीच्या ऐन मध्यावर छातीएवढं उंच वारूळ! उंदराच्या बिळाला लगेच दगड-माती, आणि ह्या सगळ्यांत मोठ्या बिळाला हळदकुंकू. मला नवीन नवरीलासुद्धा ते अजब वाटलं होतं. पण विचारणार कुणाला? नागोबाचं घर ते. पंचमीला गावच्या साऱ्या बायका तिथं दूध-लाह्या घेऊन जायच्या. मामंजीही त्या वारुळाला वळसा घालून जायचे, आणि जाताना हात जोडायचे.

आता माझ्या रागाचं सांगते. पहिली पंचमी म्हणजे लेकीनं माहेरीच असायचं, ही रीत. भाऊ गाडी घेऊन येतो, मुराळी म्हणून. मी आषाढापासून वाट बघत होते. बांगड्या कुठल्या भरायच्या, झोक्यावर कुणासोबत बसायचं, सगळं ठरवून ठेवलेलं. आणि नेमकी माझी जाऊबाई त्याच वेळी बाळंत झाली! पहिलीच खेप, पण तिला माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच; मुलगी झाली, बाळंतीण अशक्त. सासूबाई म्हणाल्या, "तू गेलीस तर हिचं कोण करणार? माझे दोन हात कुठं कुठं पुरणार? पंचमी झाल्यावर जा." माझ्या भावाला परस्पर निरोप गेला. मला विचारलंसुद्धा नाही.

मी त्या दिवसापासून भांडी आपटायला लागले. तांब्या ठेवायचा तर ठण्णकन. दार लावायचं तर धाडकन. जाऊबाई बाजेवरून म्हणायची, "आगं, बाळ उठंल की." मी म्हणायची, "उठू दे, तिला बी कळू दे, सासर काय असतं." ती हसत सुटायची. तिच्या हसण्यानं मला आणखी राग यायचा, कारण ती मला आवडायची. सगळा राग मग तळ्यावर निघायचा. ह्या मेल्या तळ्यापायी बापानं मला इतक्या लांब दिली!

पंचमीचा दिवस उघडा निघाला. चांगलं लखलखीत ऊन. त्या दिवशी आमच्याकडं जमीन उकरायची नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खोरं नाही. घरात विळी नाही, चुलीवर तवा नाही. जमिनीखाली नागोबा असतो, त्याला लागेल. पुरणाची दिंडं उकडायची आणि तीच खायची. दुपारी बायका नटूनथटून, ताटं घेऊन, गाणी म्हणत पाळीवर निघाल्या. सासूबाई बाळंतिणीजवळ थांबल्या, मागून येते म्हणाल्या. मी निघाले, पण तोंड फुगवून. वर वारुळापाशी फेर सुरू झाला, भांडीभर दूध आणि ओंजळी-ओंजळी लाह्या वारुळाच्या भोकांत पडायला लागल्या, आणि मी मात्र पाळीच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी, एकटीच उभी. बोलवायला येतील, मग मी नाही म्हणेन, असा बेत. कुणी आलंच नाही.

तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. बघते तर हरळीतून पाणी वाहतंय. पायथ्याला ओल असायचीच, पण हे चांगलं बोटभर धारेनं बुळूबुळू येत होतं. आणि त्या पाण्याबरोबर, खोटं सांगत नाही, एक एक करत पांढऱ्या लाह्या बाहेर येत होत्या. वर बायका वारुळात टाकतायत आणि खाली माझ्या पायाशी निघतायत!

मी राग-बिग विसरून ओरडले, "आवो या की! नागोबानं परसाद दिला! हितं झरा फुटलाय!"

झालं. सगळ्या खाली पळत आल्या. कुणी लाह्या वेचून तोंडात टाकल्या, कुणी पदरात बांधल्या. त्या धारेला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एका काकूंनी तर नारळ फोडायचा म्हणून दगड शोधायला सुरुवात केली. "नव्या नवरीचा पायगुण बघा," असं कुणीतरी म्हणालं, आणि मी अशी काही फुलले की बास. माहेरी गेले नाही तेच बरं झालं, असंसुद्धा वाटून गेलं.

मागून सासूबाई आल्या. त्यांनी त्या धारेत हात घातला, बोटं एकमेकांवर चोळली आणि बघतच राहिल्या. बोटांना माती लागली होती.

"आगं बया!" त्या किंचाळल्या. "पूजा काय करून राह्यल्या? पाळ चाललीय, पाळ! पळा, गड्यांना बोलवा!"

मला काही कळेना. मग एकीनं पळता पळता सांगितलं. निवळ पाझर आला तर फिकीर नाही, त्यावरच विहिरी भरतात. गढूळ पाझर आला म्हणजे पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन निघालंय. भोक आतल्या आत मोठं होत जातं आणि मग एका दमात सगळंच जातं. वर वारुळाच्या बिळांनी पाळ आतून पोखरलेली, तळ्याचं पाणी त्या वर्षी तिथवर चढलेलं, आणि आमच्या लाह्या त्याच वाटेनं खाली आलेल्या. ज्याला आम्ही हळदकुंकू वाहत होतो ते तळ्याचं मरण होतं. आणि पाळीच्या सरळ खाली होती खालची आळी. त्या आळीतलं पहिलं घर आमचं. त्यात बाजेवर ओली बाळंतीण आणि डोळेसुद्धा नीट न उघडलेलं पोर.

मामंजी आणि गावचे गडी धावत आले. मामंजींनी ह्यांना मोरी उघडायला पिटाळलं. मोरी म्हणजे पाळीच्या पोटातला दगडी नळ, एरवी शेताला पाणी द्यायचा. ती सताड उघडली, पण एवढं तळं त्यातून उतरायचं म्हणजे किती वेळ जाणार! आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला टेकड्यांमागं आभाळ काळंकुट्ट झालेलं. आमच्याकडं ऊन, तिकडं धो धो पडत असणार. ते पाणी आता येणार होतं.

"तळ्याच्या अंगानं भोक बुजवायचं, वरनं माती दाबायची," मामंजी म्हणाले. "माती आणा."

कुणी हललं नाही. शेवटी एकजण म्हणाला, "मालक, आज पंचमी हाय. कुदळ कशी मारायची?"

मामंजींच्या ध्यानातच नव्हतं. ज्या माणसानं उभा जन्म पाळीला माती घातली, त्याच्याच्यानंही 'मारा कुदळ' म्हणवेना. तेही नागोबाच्या दारात! बरं, आज कुदळ मारून उद्या कुणाला काही झालं तर? कुणी म्हणालं, सूर्य मावळला की दोष नाही. कुणी म्हणालं, उद्या पहाटे खणू. कुणी म्हणालं, मठात जाऊन अय्यास्वामींना विचारा. पाणी कुणाची वाट बघतंय होय? ते आपलं बुळूबुळू चाललेलं, आता दोन बोटं झालं होतं.

सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, डोक्यावरचा पदर हलू द्यायचा नाही, असले ते दिवस. पण माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध, झाकण ठेवून थांबत नाही. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा बाहेर आला.

"खणायची न्हाई तर नका खणू!" मी ओरडले. "खणलेली माती आणा की! घराघरात ढीग पडल्यात. माझ्याकडनं आषाढभर टोपली वाहून घेतली ती काय पूजेला ठेवायची हाय?"

सगळे माझ्याकडं वळले. मी गपकन पदर ओढला. पण बात मुद्द्याची होती. आमच्याकडची घरं माळवदाची, सपाट मातीच्या छताची. त्यावर घालायला पांढरीची चिकट माती लागते, पाणी धरून ठेवणारी, खाली न सोडणारी. पावसात छत कुठं गळलं तर लगेच टाकायला म्हणून प्रत्येक घरात त्या मातीचा ढीग असायचाच. ती कधीचीच खणलेली. तिला पंचमीचा काय दोष?

सासूबाई कधी माझ्या बाजूनं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बराबर बोलतीय पोरगी. व्हा पुढं." आणि सगळं गाव घराकडं पळत सुटलं.

ढीग पाळीवर यायला लागले. टोपल्यांत, परातींत, सुपांत, जुन्या लुगड्यांच्या झोळ्यांत. पण भोक कुठाय तेच सापडेना. तळ्यात पाणी, वरून काही दिसत नव्हतं. मामंजी आणि हे कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायांनी चाचपत होते. तेव्हा एका म्हातारीनं आपल्या ताटातल्या उरलेल्या लाह्या पाण्यावर भिरकावल्या. बघता बघता सगळ्याच बायकांनी भिरकावल्या. पाण्यावर पांढरी चादर झाली. आणि त्या लाह्या हळूहळू एका जागी जमायला लागल्या, गोल फिरायला लागल्या आणि खाली जायला लागल्या.

"तितं! तितं!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. ह्यांचा पाय नेमका त्या भोकात गेला. सासूबाईंनी आपली जाडजूड वाकळ, लग्नातली, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत ती, गुंडाळी करून पाण्यात फेकली. मामंजींनी ती पायानं रेटून रेटून भोकात कोंबली. "माती टाका!"

टाकली. टाकली, टाकली आणि ढीग संपले. आणखी निम्मी तरी लागणार होती. सगळे परत थांबले. मी सासूबाईंच्या मागोमाग घरी पळाले, कोपऱ्यांतून काही निघतं का बघायला. जाऊबाई बाजेवर उठून बसली होती, पोरीला छातीशी घट्ट धरून. तिला उचलून वरच्या आळीला न्यायला दोन गडी आले होते, तर ही ऐकेना.

"आत्याबाई, काय शोधून राह्यल्या?" तिनं विचारलं.

"माती गं. संपली सगळी."

तिनं वर बघितलं. "ही काय, डोस्क्यावर. उतरवा की."

सासूबाई म्हणाल्या, "खुळी का काय तू? पाऊस येऊन राह्यलाय. छत गळंल, लेकराच्या अंगावर."

जाऊबाई म्हणाली, "छत गळलं तर पातेलं लावता येतं, आत्याबाई. तळं गळलं तर काय लावता?"

सासूबाईंनी शिडी लावली आणि त्या वयात लुगड्याचा काष्टा खोवून सरसर वर चढल्या. मी मागून. खोरं वापरायचं नव्हतं, म्हणून आम्ही हातांनी, परातींनी, उलथन्यांनी छताची माती खरवडली. तवा ठेवायचा नसल्यानं उलथनी तशीही बसूनच होती. शेजारणीनं बघितलं, तिनं आपल्या छताला शिडी लावली. मग तिच्या शेजारणीनं. थोड्या वेळात आख्खं गाव आपापल्या डोक्यावरची माती खाली ओढत होतं. नट्टापट्टा केलेल्या बायका, केसांत फुलं, तोंडावर धूळ. मला इतकं हसू येत होतं की हातातली परात धरवेना, आणि त्याच वेळी भीतीनं नजर सारखी पाळीकडं. दोन्ही एकदम होतं माणसाला, ते मला त्या दिवशी कळलं.

माती पडली, पाण्याच्या वरपर्यंत ढीग आला, पण नुसती पडून काय उपयोग? ती तुडवायला पाहिजे, चिंबून चिंबून एकजीव करायला पाहिजे. गडी लाथा मारायला लागले, तर घसरून पाण्यात. एक पडला, दुसरा पडला. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सरा बाजूला. नाचता येतंय का तुमाला? पोरींनो, या."

आणि आम्ही पंचमीचा फेर धरला. मातीवर. एकमेकींचे हात घट्ट, म्हणून कुणी घसरत नव्हतं. झिम्मा घातला, फुगडी घातली, तोंडानं पक्व्याचा ठेका चालू. पायाखाली माती लोण्यासारखी व्हायची, वरून नवं टोपलं पडायचं, परत फेर. अडचण एकच, सुनांनी सासऱ्यासमोर नाचायचं कसं? मामंजींनी त्यावर इलाज काढला. तळ्याकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि तिथूनच ओरडायला लागले, "जोरात नाचा! आणखी जोरात! डावीकडं कमी पडून राह्यलंय!" पाठीला डोळे असल्यागत. गावातले सगळे सासरे मग त्यांच्या शेजारी तसेच ओळीनं पाठमोरे उभे राहिले. मी फुगडी घालता घालता ते बघितलं आणि हसून हसून खाली बसायची वेळ आली.

मधेच वारुळातून एक लांबलचक धामण निघाली, आमच्याकडं जरा बघितलं आणि सांडव्याच्या खडकाकडं सळसळत गेली. सगळ्यांनी हात जोडले. सासूबाई म्हणाल्या, "देवानं आपणहून घर सोडलं. आता वारूळ बुजवायला मोकळीक हाय." धामण काय नि नाग काय, त्या दिवशी कुणी हुज्जत घातली नाही.

खालून ओरड आली, "निवळ आलं! निवळ आलं!" धार बारीक झाली होती, पाणी स्वच्छ होतं. मग नुसती ओल राहिली. आम्ही मात्र नाचतच होतो, पाऊस सुरू झाला तरी, ओढ्याचा लोंढा तळ्यात शिरला तरी. पाणी वर वर चढलं, सांडव्याला लागलं आणि खडकावरून धबाबा खाली पडायला लागलं. पाळ जागची हलली नाही. मामंजी अजून पाठमोरेच होते. त्यांचे खांदे हलत होते. रडत होते ते, आणि पावसात कुणाला कळणार नाही असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या वर्षापासून पाळीवरची पूजा बंद झाली. नागोबाचा दगड सांडव्याच्या खडकावर, जिथं धामण गेली तिथं मांडला. फेर मात्र पाळीवरच राहिला. पंचमीला प्रत्येक बाईनं घरातली छताची माती ओंजळभर न्यायची आणि पाळीवर टाकून वर नाचायचं, अशी रीत पडली. परगावच्या सुनांना त्याचं कारणही ठाऊक नसायचं, पण नाचायला कारण कशाला लागतं!

पण त्या श्रावणाचं काय सांगू? पाऊस थांबेना आणि आख्ख्या गावाची छतं अर्धी उघडी. घराघरात टपटप, टपटप. पातेली संपली, परात लावली, परात भरली, घागरी लावल्या. जाऊबाईची बाज आम्ही कोरड्याच्या शोधात घरभर फिरवत होतो, आणि ती पोरीला सांगत होती, "बघ, तुझ्यासाठी पालखी." ती पोरगी पुढं कसल्याही आवाजात गाढ झोपायची.

अशात एक दिवस अप्पा आले, मला माहेरी न्यायला. भावाला न पाठवता स्वतः. आत येऊन बसले तर खांद्यावर थेंब, सरकून बसले तर मांडीवर थेंब. सगळीकडं भांडी. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि चेहरा पडला. "पोरी, हे कसलं घर? मी तुला कुठं दिलं?"

मी त्यांचा हात धरला आणि पाळीवर घेऊन गेले. तळं काठोकाठ भरलेलं, सांडवा वाहत होता. आम्ही तुडवलेली जागा वेगळी दिसत होती, आख्ख्या काळ्या पाळीला तेवढं एक पांढरट ठिगळ. मी सगळं सांगितलं, लाह्यांपासून. मोठ्या ऐटीत सांगितलं. मला वाटलं, अप्पा आता तळं बघत बसतील, पहिल्यासारखे, सूर्य मावळेपर्यंत.

त्यांनी तळ्याकडं बघितलंच नाही. ते माझ्या पायांकडं बघत होते. मातीतल्या खड्यांनी तळवे सोलवटले होते, टाचा फाटल्या होत्या, हळद लावून चिंध्या बांधल्या होत्या. अगदी अव्वासारखे झाले होते. ज्या पायांसाठी त्यांनी नवरा न बघता तळं बघितलं होतं, ते हे पाय. अप्पा खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपकन पडलंच.

"आवो अप्पा," मी म्हणाले, "तुमी बी गळायला लागले? गावात तळं तेवढं गळत न्हाई बगा, ते मी नाचून बंद केलंय."

अप्पा रडता रडता हसायला लागले. मग डोळे पुसून त्यांनी पटक्याचं टोक फाडलं, माझ्या टाचेला नव्यानं बांधलं आणि मान वर करून म्हणाले, "जावई कुठं हायेत? मी त्यांना अजून नीट बघितलं न्हाई."